भुयारातला राणीवसा

साहस आणि प्रीती यांची जोडी कथावाङ्मयात फार जुनी आहे. राजपुत्र घराबाहेर पडतो, राक्षसाच्या गुहेत शिरतो, संकटे झेलतो आणि राजकन्येला घेऊन परत येतो, ही गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. आज आमच्या कुक्षीसारख्या गावातील नववी-दहावीची मुले जवळपास हीच गोष्ट मोबाईलवर वाचतात. फरक इतकाच की ती जपानातून आलेली असते. मांगा म्हणजे तिकडची चित्रकथा, आणि अ‍ॅनिमे म्हणजे तिचे चलच्चित्र. कोणी ती इंग्रजीत वाचतो, कोणी हिंदीत पाहतो. घरात मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानावर मात्र त्यातले काही पडत नाही.

या चित्रकथांत भुयाराच्या गोष्टींचा एक मोठा प्रकार आहे. मजल्यामागून मजला खाली उतरत जाणारे जादूचे भुयार, प्रत्येक मजल्यावर अधिक भयंकर प्राणी, आणि त्यांच्याशी लढता लढता थोर होत जाणारा एक साधासुधा मुलगा. या भुयारात पुष्कळदा राणीवसाही येऊन बसतो. नायक एक, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मुली चार, पाच, सहा. फुजिनो ओमोरी या लेखकाची २०१३ साली सुरू झालेली कादंबरीमाला प्रसिद्ध आहे. तिच्यावरून पुढे मांगा आणि अ‍ॅनिमेही निघाले. तिचे नावच मुळी 'भुयारात मुलींशी ओळख काढू पाहणे चूक आहे काय?' अशा अर्थाचे आहे. तिचा नायक बेल भला मुलगा आहे. तो कष्ट करतो, शब्द पाळतो, दुबळ्यांच्या मदतीला धावतो. असा मुलगा मुलांना आवडला तर त्यात वावगे काही नाही.

अशा पुस्तकांविषयी पालक तक्रार करतात ती बहुधा चित्रांतल्या अपुऱ्या कपड्यांची. ती तक्रार खोटी नाही, पण ती वरवरची आहे. माझा आक्षेप निराळा आहे. या कथांत लढाईला किंमत मोजावी लागते आणि प्रेमाला मात्र काहीच मोजावे लागत नाही. भुयारात शिधा संपतो, तलवार मोडते, सोबती जखमी होतो, कधी मरतो. म्हणून तिथला विजय खरा वाटतो. राणीवशात मात्र कोणी कंटाळत नाही, कोणी निघून जात नाही, कोणी दुसऱ्याच्या प्रेमात पडत नाही. नायकाला निवड करावी लागू नये याची काळजी लेखकच घेतो. कारण निवड केली की एकीला दुखवावे लागेल. ज्याला हरण्याची भीतीच नाही, त्याच्या साहसाला साहस कसे म्हणावे?

बेलच्या कथेत लिली नावाची एक ओझेवाली मुलगी आहे. ती त्याला लुबाडण्याच्या बेताने त्याच्यासोबत येते आणि ऐन संकटात त्याला राक्षसांच्या तोंडी सोडून जाते. तरीही तो तिला वाचवतो. इथपर्यंतची कथा उत्तम आहे, कारण उपकार करणाऱ्याने हिशेब मांडलेला नाही. पण पुढे लिलीही त्याच्यावर प्रेम करू लागते आणि राणीवशात आणखी एकीची भर पडते. कृतज्ञता आणि प्रीती या दोन वेगळ्या भावना आहेत. या जातीच्या कथांत मात्र सुटकेची पावती म्हणून प्रेम मिळते, आणि ते न चुकता मिळते.

आपल्या भागातील वाचकांना याच्या उलट उदाहरण ओळखीचे आहे. देवकीनंदन खत्री यांची हिंदी 'चंद्रकांता' १८८८ सालची. तिच्यातही तिलिस्म आहे, भुयारे आहेत, शूर राजकुमार आहे. पण चंद्रकांतेची सखी चपला ही स्वतः ऐयार आहे. तिला स्वतःचे कसब आहे आणि तिचे मन राजकुमाराकडे नसून तेजसिंहाकडे आहे. नायकाच्या कथेत वावरूनही ती नायकाची होत नाही. एवढ्या एका गोष्टीने ती जिवंत माणूस ठरते.

खरा राणीवसा कसा असतो हेही आम्हा धार जिल्ह्यातल्या लोकांना दुरून शिकावे लागत नाही. मांडवचा सुलतान गियासुद्दीन खिलजी याने १४६९ ते १५०० राज्य केले. त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार स्त्रिया होत्या असे फरिश्ता लिहितो. आकडा अतिशयोक्त असेल, पण त्या वैभवाचा शेवट इतिहासात स्पष्ट आहे. सुलतान हयात असतानाच त्याचे दोन पुत्र गादीसाठी झगडले आणि राणीने त्यात बाजू घेतली. जपानी चित्रकथेने राणीवशातल्या स्त्रिया घेतल्या. त्याच्या भिंती, पहारे आणि हेवेदावे मात्र गाळून टाकले.

यावर कोणी म्हणेल, "सर, मग आपल्या श्रीकृष्णाचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि नरकचतुर्दशीच्या दिवसांत तर तो टाळताच येत नाही. नरकासुराच्या बंदीतून सोळा हजार राजकन्या सोडवल्या गेल्या आणि त्या कृष्णाच्या झाल्या, ही कथा भागवताच्या दशमस्कंधात आहे. पण भागवतकार तिथे थांबत नाही. पुढे नारदाला शंका येते, की एकटा पुरुष इतक्या जणींशी संसार करतो तरी कसा? तो द्वारकेत घरोघर जाऊन पाहतो. कुठे कृष्ण सारीपाट खेळतो आहे, कुठे मुलांना खेळवतो आहे, कुठे होम करतो आहे. प्रत्येक घरात तो पूर्णपणे हजर आहे. पुराणाचे उत्तर असे, की हे परमेश्वराला शक्य आहे. माणसाला एका घरातही पूर्णपणे हजर राहणे जमत नाही, हे त्यातून आपण ओळखायचे. नारदाचा प्रश्न विचारण्याचे धाडस राणीवशाच्या मांगाला होत नाही.

हा वाद केवळ साहित्याचा असता तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. काही वर्षांपूर्वी अकरावीतला एक हुशार मुलगा माझ्यासमोर रडवेला होऊन उभा होता. वर्गातल्या एका मुलीला त्याने आजारपणात महिनाभर वह्या उतरवून दिल्या होत्या. नंतर तिने त्याला स्पष्ट नकार दिला. तो पुनःपुन्हा एकच म्हणत होता, "सर, मैंने उसके लिए इतना किया, फिर भी?" मुलगा वाईट नव्हता. आपण दिलेल्या मदतीचे उत्तर ठरलेलेच असते, अशी त्याची मनापासून समजूत होती. ती सगळी पुस्तकांनी घडवली असे मी म्हणणार नाही. आपले सिनेमे आणि आपली घरेही त्यात आलीच. ज्या भागात अजून कितीतरी मुलींना लग्नाच्या वेळी कोणी विचारत नाही, तिथे 'नाही' म्हणणारी मुलगी कथेतूनही नाहीशी व्हावी, ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घ्यावा असे मी सुचवत नाही. भुयाराच्या गोष्टी राणीवशावाचूनही उत्तम होतात. र्योको कुई या लेखिकेची 'डंजन मेशी' ही मांगा २०१४ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यात ड्रॅगनने गिळलेल्या बहिणीला सोडवण्यासाठी भाऊ सोबत्यांसह भुयारात उतरतो. हाती पैसा नाही, म्हणून ते तिथलेच प्राणी शिजवून खातात. सोबत्यांत स्त्रिया आहेत, पण कोणी कोणाचे बक्षीस नाही. दिवाळीच्या सुट्टीत पालकांनी मुलाशेजारी बसून असे एखादे पुस्तक पाहावे. राणीवशाचे पुस्तक हाती असेल तर तेही पाहावे, आणि त्यातल्या एखाद्या मुलीवर बोट ठेवून इतकेच विचारावे, "हिला नाही म्हणायचे असते, तर या गोष्टीत म्हणता आले असते का?" उत्तर मुलालाच शोधू द्यावे.