बचत कोणासाठी? तान्ह्या मुलांचे घर आणि कुरआनची शिकवण



पवित्र कुरआनच्या सूरह अल्-बकरामधील २३३ वी आयत तान्ह्या मुलाच्या घराविषयी आहे. तिचा आशय असा : माता आपल्या बालकाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजू शकते. तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर आहे. कोणावरही त्याच्या ऐपतीपलीकडे भार टाकला जाणार नाही. मुलापायी आईचे नुकसान होऊ नये व बापाचेही होऊ नये. दूध लवकर तोडायचे झाल्यास ते दोघांच्या संमतीने आणि विचारविनिमयाने व्हावे. अनेक भाष्यकारांनी ही आयत विशेषतः विभक्त झालेल्या दांपत्याच्या संदर्भात समजावली आहे. ज्यांचे घर मोडले आहे त्यांनाही मुलासाठी एकत्र बसून विचार करण्याचा आदेश असेल, तर एका छताखाली नांदणाऱ्या आपणांवर तो किती अधिक लागू होतो!

आपले जाम हे चौरस्त्याचे गाव आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग येथून जातो आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. येथील कित्येक पिते रात्री ट्रक चालवतात, ढाब्यावर वा पंक्चरच्या दुकानात उभे असतात. माता सोयाबीनच्या सवंगणीला व कापसाच्या वेचणीला जातात. अशा घरात पैसा अपुरा आणि वेळ त्याहून अपुरा असतो. म्हणून बचतीचा प्रश्न हा केवळ हिशेबाचा नसून दीनचा प्रश्न आहे.

हजरत उमर (रजि.) आणि रडणारे मूल

इतिहासग्रंथांत एक प्रसंग नमूद आहे. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता. खलीफा हजरत उमर (रजि.) हे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन रात्री पहारा देत होते. एका मुलाचे रडणे थांबेना. हजरत उमर (रजि.) यांनी आईला पुनःपुन्हा समजावले. शेवटी खलीफाला न ओळखता ती म्हणाली की, उमर केवळ दूध सुटलेल्या मुलांनाच वेतन देतात, म्हणून मी याचे दूध लवकर तोडत आहे. त्या पहाटे फज्रच्या नमाजमध्ये हजरत उमर (रजि.) यांचे पठण रडण्यामुळे लोकांना नीट ऐकू येत नव्हते. नमाजनंतर त्यांनी जाहीर करविले की, यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासूनच वेतन मिळेल, कोणीही दूध तोडण्याची घाई करू नये.

या प्रसंगात आईला दोष दिलेला नाही. तिची घाई बाहेरच्या एका नियमाने निर्माण केली होती आणि ज्याच्या हाती नियम होता त्याने तो बदलला. आपल्या घरातील ओढाताण पाहतानाही दोन प्रश्न विचारावेत : आपल्या सवयींमुळे किती ओढाताण होते? आणि जमातीने घालून दिलेल्या रिवाजांमुळे किती?

खर्चातील मध्यम मार्ग

सूरह अल्-फुरकानमध्ये (२५ : ६७) रहमानच्या दासांचे एक लक्षण सांगितले आहे की, ते खर्च करताना उधळत नाहीत आणि कंजूषीही करीत नाहीत. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय आहे की, अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्तीसाठी, गरिबावर आणि कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारांपैकी सर्वाधिक पुण्य कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारचे आहे. म्हणून मुलाच्या दुधात, औषधात काटकसर करणे म्हणजे बचत नव्हे. बचत करावी ती दिखाव्यात.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध हा वैद्यकशास्त्राचाही सल्ला आहे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज पावडरच्या डब्यावर खर्च करू नये. बाटली उकळण्याचा वेळही त्यात वाचतो. मात्र त्या आईच्या ताटात पोटभर अन्न असले पाहिजे. आयतीने पित्यावर टाकलेली जबाबदारी ती हीच. सहा महिन्यांनंतर दुधासोबत घरचेच तुरीचे वरण, मऊ भात, ज्वारीची पेज द्यावी. जुन्या सुती लुगड्याचे, ओढणीचे लंगोट आणि दुपटी धुऊन पुन्हा वापरता येतात. विकतचे डायपर प्रवासापुरते ठेवावे.

शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहे. तिच्या अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरी नेण्याचा आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथेच शिजवलेले अन्न व पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते. नियमित लसीकरणाच्या लसी शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य आहेत. काही घरे हा आहार गरिबांचा म्हणून नाकारतात आणि दुकानातून महाग पाकिटे आणतात. हक्काची वस्तू अहंकारापोटी सोडणे आणि नंतर उधारी करणे, यात कोणताही तकवा नाही.

उधारी घ्यावीच लागली तर लिहून घ्यावी. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२ : २८२) उधारीच्या लिखापढीविषयीच आहे. जुम्याच्या दिवशी पती-पत्नीने एकत्र बसून किराण्याच्या वहीवरून आठवड्याचा हिशेब पाहावा. परस्पर विचारविनिमयाची आज्ञा अशीही पाळली जाते.

वेळ हीदेखील अमानत

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, आरोग्य आणि रिकामा वेळ या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात. पाच नमाजांनी आपला दिवस आधीच विभागून दिला आहे. इशानंतर डाळ-कडधान्य भिजत घालावे, मुलांचे कपडे काढून ठेवावेत आणि गप्पा लांबवू नयेत. इशानंतरच्या गप्पा प्रेषितांना (स.) नापसंत होत्या. पहाटेच्या वेळी आपल्या समुदायासाठी बरकत मिळावी, अशी दुआ त्यांनी केली आहे. फज्रनंतरचा निवांत अर्धा तास दुपारच्या गोंधळातील दोन तासांचे काम करतो.

पित्यांनो, हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले की, प्रेषित (स.) घरी काय करीत? त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ होताच निघत. शेतातून परतलेली पत्नी चूल पेटवीत असताना मुलाला आंघोळ घालणे ही सुन्नतच आहे. त्यात कमीपणा नाही.

घाईत मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो. त्यामुळे वेळ वाचल्यासारखा वाटतो, परंतु तो मुलाच्या वाट्यातून घेतलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक बसवू नये. त्याऐवजी चार वर्षांच्या मुलाला भाजी निवडायला, कपड्यांच्या घड्या करायला जवळ बसवावे. आपल्याच जिल्ह्यात, वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन यांनी हाताच्या कामातून शिक्षणाची योजना मांडली. हे मर्म आपल्या स्वयंपाकघरातही लागू होते. आरंभी काम मंदावेल, पुढे हेच मूल आपला वेळ वाचवील.

जमातीचे कर्तव्य

अकीका ही सुन्नत आहे, फर्ज नाही. हदीसनुसार मुलासाठी दोन बकरे व मुलीसाठी एक. ऐपत नसेल तर गुन्हा नाही. परंतु मोठ्या दावतीचा रिवाज आपण इतका कडक केला आहे की, काही घरे आठवड्याच्या हप्त्याचे व्याजी कर्ज काढून ती दावत देतात. सुन्नतसाठी हराम व्याज पत्करावे, हा कोणता दीन? त्या हप्त्यासाठीच आई तान्ह्याला सोडून लवकर वेचणीला जाते. मदीनेतील त्या आईची घाई वेतनाच्या नियमाने केली होती, येथील आईची घाई आपल्या दावतीने केली आहे.

म्हणून जमातीच्या जबाबदार मंडळींनी साध्या अकीक्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. वापरण्याजोगे झबले, दुपटे, पाळणे एका ठिकाणी जमा ठेवून गरजेप्रमाणे द्यावेत. बाळंतिणीच्या घरी आळीपाळीने जेवणाचा डबा पोहोचवावा. अडलेल्या पित्याला कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उधार मिळण्याची सोय करावी.

बचतीतून जे उरते त्यावर पहिला हक्क मुलाचा आहे. वाचलेला रुपया त्याच्या आहाराला जावा आणि वाचलेला तास त्याच्याजवळ बसण्यात जावा. प्रेषित (स.) मुलाचे रडणे कानी पडताच त्याच्या आईच्या काळजीने नमाज संक्षिप्त करीत. ज्यांनी अल्लाहसमोर उभे असताना मुलाचे रडणे ऐकले, त्यांच्या अनुयायांना आपली इतर कामेही थोडी आखडती घेता येतील.

हे अल्लाह, आमच्या कमाईत आणि आमच्या वेळेत बरकत दे. आम्हाला उधळपट्टी, कंजूषी आणि व्याज यांपासून वाचव. थकलेल्या मातांना आराम दे, पित्यांना घराची जाण दे आणि आमच्या मुलांना नेक बनव. आमीन.