मुक्याची साक्ष

विमा हा मुळातच अविश्वासाचा व्यवहार आहे, असे पुष्कळांना वाटते. उद्याच्या दिवसावर आपला भरवसा नसतो म्हणून आपण हप्ता भरतो, आणि कंपनीचा आपल्यावर भरवसा नसतो म्हणून ती बारीक अक्षरांत अटी छापते. पण थोडे खोलात शिरले तर उलटेच दिसू लागते. हजारो अनोळखी माणसे एकाच हंडीत आपापली मूठ टाकतात आणि ज्याच्यावर संकट येईल त्याने त्यातून आपली निकड भागवावी, असे ठरवतात. कोण कोणाचे तोंड पाहत नाही, कोण कोणाचे घर ओळखत नाही; आणि तरीही हंडी चुलीवरून उतरत नाही. जगात याहून मोठा विश्वास तो कोणता?

हे विचार मला सुचले ते एका कुत्र्यापायी. आमच्या घरी मोत्या आहे. लॅब्रॅडॉर जातीचा, सहा वर्षांचा, आणि चकलीच्या डब्याचे झाकण तीन खोल्यांपलीकडून ऐकणारा. गेली चार वर्षे त्याचा विमा उतरवलेला आहे. यंदा नूतनीकरणाची सूचना आली ती हप्ता वाढवून. दुसऱ्या एका कंपनीचा हप्ता बराच कमी होता. आमच्या सौभाग्यवतींनी हिशेब मांडला, मुलीने नवा अर्ज मिळवला, आणि सगळे एका प्रश्नापाशी येऊन थांबले: या प्राण्यास पूर्वी कोणता आजार झाला आहे काय?

झाला आहे. दोन वर्षांपूर्वी मोत्याच्या मागच्या उजव्या पायाच्या खुब्याचे दुखणे निघाले. या जातीच्या कुत्र्यांत ते वरचेवर आढळते. जुन्या कंपनीने त्याचा खर्च दिला, कारण विमा आधी होता आणि दुखणे मागून आले. नव्या कंपनीच्या दृष्टीने मात्र क्रम उलटा होतो. तिच्या दारी दुखणे आधी पोहोचते आणि विमा मागाहून. म्हणून ते ‘पूर्वीपासूनचा आजार’ ठरून वगळले जाते. पाय तोच, कुत्रा तोच. फक्त कागद बदलला. शिवाय नव्या विम्याचे पहिले काही दिवस कोणत्याच आजाराला संरक्षण नसते, ते निराळेच.

एक शेजारी सल्ला द्यायला आले. म्हणाले, “लिहा ‘नाही’ म्हणून. कुत्रा काय साक्ष द्यायला येणार आहे?”

वाक्य सहज बोलले गेले, पण माझ्या मनातून ते जाईना. विम्याच्या कायद्याचा पाया नेमका याच ठिकाणी घातला गेला आहे. 1766 साली लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे कार्टर आणि बोहम यांचा खटला चालला. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टर याने, किल्ला शत्रूच्या हाती पडला तर नुकसान भरून मिळावे, असा विमा घेतला होता. 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा उतरवणाऱ्याने तक्रार केली की किल्ल्याची दुबळी स्थिती लपवून ठेवली गेली. मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितले ते असे की, विमा हा सद्भावाचा करार आहे. धोक्याची माहिती बहुधा एकाच पक्षाच्या पोटात असते, म्हणून त्याने ती दडवू नये. गंमत अशी की निकाल मात्र कार्टरच्या बाजूने लागला. जे लंडनमध्ये बसून कळण्यासारखे होते ते विमा उतरवणाऱ्याने स्वतः जाणून घ्यायला हवे होते, असे ठरले. म्हणजे सद्भावाचे ओझे दोन्ही खांद्यांवर आहे.

पण मोत्याचा मामला किल्ल्याहूनही नाजूक. येथे ज्याच्या देहाविषयी प्रश्न आहे त्याला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येते त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. गाईम्हशींच्या विम्यात निदान कानातला बिल्ला साक्षीदार असतो. बिल्ला नाही तर दावा नाही, असा तिथला रोकडा नियम. पण बिल्ला म्हैस कोणती एवढेच सांगतो, तिला काय दुखते ते सांगत नाही. ते धन्यानेच सांगायचे. वसुबारसेला आपण गाईवासराला ओवाळतो. वर्षाचे उरलेले दिवस त्यांच्या वतीने खरे बोलणे हाही त्याच पूजेचा भाग म्हटला पाहिजे.

खोटे बोलण्याच्या बाजूने एक हळवा युक्तिवाद आहे. मी माझ्यासाठी थोडाच खोटे बोलतो आहे? त्या मुक्या जिवासाठी बोलतो! हा युक्तिवाद मोहक आहे, म्हणूनच त्याला उजेडात धरून पाहावे. मोत्याला हप्ता कळत नाही. त्याच्या पायावरचे उपचार मी करणारच आहे; वाचणार आहेत ते माझे पैसे. आणि ते येणार आहेत कोठून? त्याच हंडीतून, ज्यांनी आपल्या कुत्र्याचे दुखणे खरे लिहून जास्त सोसले त्यांच्या मुठीतून.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपन्यांची स्मरणशक्ती मोठी विलक्षण आहे: आजार त्यांना वर्षानुवर्षे आठवतात, भरलेले हप्ते मात्र कंपनी बदलताच विसरले जातात. माणसांच्या आरोग्यविम्यात हे ओळखले गेले. 1 ऑक्टोबर 2011 पासून आपल्या देशात विमेदार कंपनी बदलतो तेव्हा जुन्या आजारासाठी काढलेला प्रतीक्षेचा काळ त्याच्याबरोबर जातो. तो काळही 2024 मध्ये 48 महिन्यांवरून जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणला गेला. कुत्र्याला ही सोय नाही. त्याची चार वर्षांची निष्ठा उंबरठ्याबाहेर राहते आणि लंगडा पाय तेवढा आत येतो. हे मला न्यायाचे वाटत नाही. पण नियम सदोष आहे, एवढ्याने खोट्याचा परवाना मिळत नाही. तो बदलण्याची मागणी करण्याचा हक्क मिळतो.

अशा वेळी मला महाभारत आठवते. स्वर्गाच्या दारी धर्मराजाला कुत्रा सोडून ये असे सांगितले गेले आणि त्याने नकार दिला, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तिच्यातली एक गोष्ट मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याने कुत्र्याला शेल्याखाली लपवून आत नेण्याचा प्रयत्न केला नाही. तो उघड्यावर उभा राहिला, हा माझ्याबरोबर आहे म्हणाला, आणि त्याची किंमत म्हणून स्वर्ग सोडायला तयार झाला. याच धर्मराजाने पूर्वी रणांगणावर एका मेलेल्या हत्तीच्या नावाआड अर्धसत्य दडवले होते, आणि भूमीला न शिवणारा त्याचा रथ खाली टेकला होता. मुका प्राणी दोन्ही वेळा होता. पहिल्या वेळी तो खोट्याची ढाल झाला, दुसऱ्या वेळी खऱ्याचा सोबती.

आम्ही नव्या अर्जात खुब्याचे दुखणे लिहिले. अपेक्षेप्रमाणे ते वगळून विमा देऊ, असे उत्तर आले. तेव्हा जुन्याच कंपनीचा वाढलेला हप्ता भरला. सौभाग्यवतींच्या हिशेबात या व्यवहारात तोटा आहे, आणि त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही. पण कुत्रा आपल्याला उभ्या आयुष्यात एकदाही फसवत नाही. निदान त्याच्या नावाने आपण दुसऱ्याला फसवू नये, एवढी बरोबरी तरी आपल्याला साधावी. मुक्याची साक्ष आपल्या तोंडून निघते, म्हणूनच तिच्यात आपला शब्द मिसळता कामा नये.