नवी आवृत्ती, जुनी मांडणी

बालाघाट येथील आमच्या कचेरीतल्या संगणकावर गेल्या पावसाळ्यात नवी आवृत्ती चढविली गेली. दुसऱ्या दिवशी आमचे वृद्ध टंकलेखक ‘कलम’ हा शब्द लिहावयास बसले, तो पहिलेच अक्षर उमटेना. रेमिंग्टन पद्धतीत रोमन ‘डी’च्या कळीवर ‘क’ असतो. नव्या आवृत्तीने परस्पर इन्स्क्रिप्ट पद्धत लावली होती. तिच्यात त्याच कळीवर अक्षराचा पाय मोडण्याची खूण असते. तीस वर्षे दावे आणि कैफियती लिहिणारी बोटे एका रात्रीत निरक्षर झाली. एका पक्षकाराची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. अर्ज हातानेच लिहून कसाबसा दाखल केला.

इन्स्क्रिप्ट अधिक शास्त्रशुद्ध आहे, हे आम्ही मान्य करू. परंतु जे वापरणाऱ्याने विचारपूर्वक ठरविले, ते मोडण्याचा अधिकार निर्मात्यास केवळ ‘सुधारणा’ या शब्दाने मिळतो काय? देवळाच्या जीर्णोद्धारात गवंडी कितीही कुशल असो, देवतातत्त्व आधी कलशात घेतल्यावाचून मूर्ती हलवीत नाहीत, आणि काम पुरे होताच त्याची पुन्हा स्थापना होते.

१९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन प्रणालीत हा विवेक यंत्राच्याच अंगी बाणविला आहे. मांडणीच्या फाइलीस वापरणाऱ्याने हात लावला नसेल, तर नवी फाइल मुकाट्याने बसते. त्याने ती बदलली असेल आणि निर्मात्यानेही बदलली असेल, तर यंत्र थांबून विचारते. आणि उत्तराऐवजी नुसती ‘एंटर’ कळ दाबली, तर जुनीच राखते. मौनाचा अर्थ संमती असा येथे केला जात नाही. आम्हां वकिलांना याचे कौतुक वाटणे साहजिक आहे.

आमच्या जिल्ह्यास तर हा अनुभव पूर्वीच आलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपूरला आले, आणि शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला. तरी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने ज्या प्रदेशात जो कायदा चालू होता तो, सक्षम विधिमंडळ बदलीपर्यंत, तसाच राखला. गोमंतकातही १९६१ नंतर तेच झाले. १९६२ च्या कायद्याने तेथील प्रचलित कायदे चालू ठेवले, आणि त्यांत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिताही होती. कधी ही राखण फार लांबतेही. मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रणाचा हुकूम विदर्भात ३१ मार्च २००० पर्यंत टिकला, आणि तेथील घरमालकांना ते सुखाचे वाटले असेल असे नाही.

मग जुनी मांडणी घातकच असेल तर? कमकुवत झालेले कुलूप, केवळ मालकाने निवडले म्हणून, राखावे काय? येथे निर्मात्याने बदल करणे आम्हांस मान्य आहे. मात्र त्याने तो सांगून करावा, आणि जुन्याची प्रत बाजूस ठेवावी. १९५६ नंतरही कायदे बदललेच. पण ते सभागृहात, दिवसाढवळ्या बदलले.

आमच्या टंकलेखकांची रेमिंग्टन पद्धत चार दिवसांनी परत बसविली. धाकटा मदतनीस इन्स्क्रिप्टवरच शिकलेला आहे. आता एकाच यंत्रावर दोघांच्या दोन पद्धती नांदतात, आणि खुर्चीवर बसण्यापूर्वी एकजण दुसऱ्यास विचारतो, ‘बदलू का?’