लव्हाळ्याच्या गाठी

गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला म्हणाली, "आजोबा, इथं वोडका मिळेल का?"

मी वैरण टाकत होतो. हातातली पेंडी हातातच राहिली. गळ्यात माळ, आणि चौदा वर्षांची नात भर अंगणात दारू मागतेय. तिच्या आजीनं "आगं बया!" म्हणत कपाळाला हात लावला. मग पोरीनं मोबाईल पुढं केला. त्यात एक बाई घरच्या घरी सेंट करायला शिकवत होती. फुलं दारूत बुडवायची, बाटली अंधारात ठेवायची, काही आठवड्यांनी गाळायची. दुकानातला सेंट दीड हजाराला, हा दोन-तीनशेत. नातीच्या मैत्रिणीकडं तसला महागाचा सेंट होता. हिनं मागितला तर आईनं, म्हणजे माझ्या लेकीनं, फटकारलं होतं, "वासाला एवढे पैसे घालायचे नाहीत."

दारू काही मी आणली नाही. "आपल्याकडं तेलात करतात, ते करू," म्हणालो. पण लेकीचं ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. कारण ह्याच घरात, ह्याच सोप्यात, एकदा तिच्यासाठी सेंट झाला होता. साल २००२.

तेव्हा लेक अकरावीला, जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात. दिवाळीला आली ती वेगळीच होऊन आली. चुलीपुढं बसेना, गोठ्यात पाऊल टाकेना. घरातले कपडे आणि न्यायचे कपडे वेगळे ठेवायला लागली. न्यायचे कपडे धुतलेले असले तरी पुन्हा धुवायची आणि धूर लागू नये म्हणून लांब बांधावरच्या बाभळीवर वाळत घालायची. मी विचारलं तर काही नाही म्हणाली. माझ्या आईनं तिच्या पोटात शिरून काढून घेतलं. खोलीतली एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिच्या अंगाला गोठ्याचा वास येतो."

हे ऐकून मी पेटलो. पोरीला जवळ घ्यायचं सोडून म्हणालो, "त्या गोठ्याच्या दुधावर तुझी फी भरतोय मी. लाज वाटत असंल तर शिकू नको." पोरगी आत निघून गेली. मला वाटलं, आपण स्वाभिमानाचं बोललो.

आई काही बोलली नाही. ती खुरपं घेऊन मळ्यात गेली आणि ओटीभर लव्हाळ्याच्या गाठी घेऊन आली.

लव्हाळा म्हणजे शेतकऱ्याचा सात जन्माचा वैरी. वरनं खुरपला तर आठ दिवसांत पुन्हा हिरवा, आणि जमिनीत गाठीला गाठ लागून सगळं वावर विणून टाकतो. त्याला मी जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या बैलांनाही दिल्या नसतील. आईनं त्या काळ्या गाठी धुतल्या, त्यांची केसं जाळून काढली, चार दिवस वाळवल्या आणि खलबत्त्यात कुटल्या. सोप्यात वास सुटला, दिवाळीच्या उटण्याचा. उटण्यात नागरमोथा म्हणून आपण जो पैसे देऊन आणतो तो ह्याच कुळीतला. इतकी वर्षं मी हा खजिना उपटून बांधावर फेकत होतो.

मग तिनं बांधावरचा वाळ्याचा एक थोंब खणला. ह्यावर मात्र मी ओरडलो. तो वाळा मी माती धरायला लावला होता. त्याची मुळं सरळ खाली जातात, पुरुषभर आणि त्याच्याही खाली, आणि बांध शिवल्यासारखा धरून ठेवतात. वास आहे तो मुळातच. म्हणजे वास पाहिजे तर माती धरणारं मूळच उपटायचं. आई म्हणाली, "आरं, एका थोंबानं काय बांध फुटत नाय." पुढच्या जुलैत बरोबर तिथंच बांध फुटला. तिथं दगड रचताना मी तिला काही बोललो नाही. आधी बोलून झालं होतं तेवढं पुष्कळ होतं.

बाजारातनं कपूरकाचरी आणि गव्हला कचोरा आणला, सगळे मिळून बारा रुपये. सगळं भरडून घरच्या तिळाच्या तेलात, चिनी मातीच्या बरणीत. तोंडाला फडकं. दिवसा ऊन, रात्री घरात. दहा-बारा उन्हं झाल्यावर बरणीतलं सगळं पितळीत काढलं आणि ती पितळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवली. थेट जाळावर नाही ठेवायची, वास करपतो. मग धोतराच्या जुन्या फडक्यातनं पिळून गाळलं. वाटीभर तेल. ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि पोरीच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलं.

पोरीला सोडायला मी गेलो. निघताना आईच्या वाटीला राहिलेलं बोटभर तेल मी गुपचूप कानामागं लावलं. का लावलं, तर तिच्या मैत्रिणी मला बघतील. घरात स्वाभिमानाची गोष्ट सांगणारा माणूस मी. एसटीत पोरगी खिडकीकडं बसली होती. एकदम तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. दोन तासांत आम्ही एक शब्द बोललो नाही. वसतिगृहाच्या फाटकाशी ती म्हणाली, "दादा, हितनंच जावा तुम्ही. उशीर होईल." उशीर काही होणार नव्हता.

परतीच्या गाडीत जे सुचलं ते अजून सुटलेलं नाही. माणसाला स्वतःचा वास येत नाही. गोठ्यात जन्म काढलेल्याला गोठा येत नाही, अत्तर लावणाऱ्यालाही थोड्या वेळानं ते येईनासं होतं. नाक सरावतं. म्हणजे आपल्याला वास येतो की नाही, तो चांगला की वाईट, हे ठरवणार दुसरा. आणि दुसरा म्हणजे कोण? ज्याला लांब बसायची सोय आहे तो.

हे मला चांगलं ठाऊक असायला पाहिजे होतं, कारण एकदा तो दुसरा मीच होतो.

१९७२ चा दुष्काळ. मी सहावीत. जनावरं रोज मरत होती. आमच्या वर्गात कातडं कमावणाऱ्या घरातला एक पोरगा होता. त्या साली त्याच्या घरच्यांना उसंत नव्हती. मेलेलं जनावर ओढून न्यायचं, सोलायचं, चुन्यात घालायचं, तरवडाच्या आणि बाभळीच्या सालीत भिजवायचं. पोरगा शाळेत यायच्या आधी हे सगळं करून यायचा. माझ्या शेजारी बसायचा. एक दिवस मी नाकाला हात लावून उठलो आणि पुढच्या रांगेत जाऊन बसलो. माझं बघून आणखी दोघं उठले. गुरुजींनी त्यालाच दाराजवळ बसवलं, "वारा लागंल तिथं" म्हणून. सातवीत तो शाळेत नव्हता.

त्याच्या आदल्या आठवड्यातच आमचा पवळ्या बैल मेला होता, आणि त्याच्या बापानं तो ओढून नेला होता. म्हणजे मी ज्याला नाक धरलं तो वास आमच्याच बैलाचा. आमच्या विहिरीवरची मोटही त्यांच्याच घरात शिवलेली. तिच्या पाण्यावर आम्ही ऊस खाल्ला. पाण्याला कधी कातड्याचा वास आला नाही आम्हाला.

तो पुढं मुंबईला गेला. मधे एका यात्रेला आला होता. आमच्या सोप्यात बसला, चहा घेतला. म्हणावंसं वाटत होतं. आम्ही पावसाचं बोललो आणि तो उठला.

आता कुणी म्हणेल, कष्टाच्या वासाची लाज कशाला, तो तर मोलाचा. असं लिहिणारे बरेच आहेत. मला ते पुरतं पटत नाही. कापसावर फवारणी करून आल्यावर दोन अंघोळी केल्या तरी अंगाचा जो वास जात नाही, त्यात मोलाचं काही नाही, तो विषाचा वास आहे. कातडं कमावायचा वासही कुणाला हौसेनं नको असणार. कुणाच्या अंगावर कुठला वास यायचा हे त्यानं निवडलेलं नसतं, आणि धुवायला साबण-पाणी मिळायचं की नाही हेही नाही. दुष्काळात आम्हाला प्यायला टँकर नव्हता, त्याच्या वस्तीला तर आमच्या विहिरीवर घागरही भरता येत नव्हती. मग तो पोरगा अंघोळ कशानं करणार होता?

आणि गंमत बघा. उत्तर प्रदेशात कनौजला मातीचं अत्तर करतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यात उकळायचे, त्याची वाफ बांबूच्या नळीनं चंदनाच्या तेलात उतरवायची. पहिल्या पावसाचा वास बाटलीत येतो. खऱ्या चंदनतेलातलं असलं तर तोळ्याला हजारांनी पैसे मोजतात लोक. पंढरपुरात एका अत्तरवाल्यानं मला मनगटावर लावून दाखवलं होतं. वास अगदी तोच, जूनमधल्या आपल्या वावराचा. मी म्हटलं, हा तर आमच्या अंगाला फुकट येतो. तो हसला. पण मी त्याच मनगटानं खिशातले पैसे चाचपले होते, हेही खरं.

असो. नातीबरोबर आम्ही मोगऱ्याचं तेल केलं. परड्यात सात झुडपं आहेत. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडायच्या, त्या रात्री उमलतात. पाण्याचा थेंब राहता कामा नये, नाहीतर तेल बिघडतं. पाव किलो घाण्याच्या तिळतेलात रात्रभर फुलं, सकाळी गाळून त्याच तेलात पुन्हा संध्याकाळची. असं अकरा रात्री. जुन्या बायका तीळच फुलांत वासवून मग घाण्याला घालायच्या, पण त्याला तीळही पुष्कळ लागतात आणि फुलंही. खर्च म्हणाल तर तेलाचे शंभरभर रुपये. बाटली नातीनं मोबाईलवाल्या बाईसारखी चिठ्ठी लावून सजवली.

जूनमध्ये लेक तिला न्यायला आली. बाटली हुंगली, बरं झालंय म्हणाली. संध्याकाळी मी नातीला दाखवायला लव्हाळ्याच्या चार गाठी कुटत होतो. वास आला तशी लेक स्वयंपाकघरातनं बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली. बराच वेळ गप्प.

मग म्हणाली, "दादा, ते आजीचं तेल मी लावलंच नाही कधी. पहिल्याच दिवशी लावलं तर ती पोरगी म्हणाली, आता हा कसला देवळातला वास? मी मोरीत ओतलं सगळं."

आई त्यानंतर दोन दिवाळ्या तिला विचारायची, "संपलं का गं तेल?" आणि ती म्हणायची, संपलं. की आई पुन्हा ओटी खोचून मळ्यात. पुन्हा ऊन, बरणी, फडकं. वाळा मात्र परत बांधावरचा घेतला नाही तिनं, ओढ्याकाठचा आणायची.

"तिन्ही वेळा ओतलं?" मी विचारलं.

लेकीनं मान हलवली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली आहेत. तरी लेक म्हणाली, "आजीला सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगत."