कुणाच्या भल्यासाठी?

पाडव्याच्या फराळाला जावई आले होते. चकली मोडता मोडता त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. गणपतीनंतर आम्हा उभयतांना ते पुण्याहून भिसेगावला पोचवायला आले, त्या दिवशीच्या दंडाचे चलन होते. द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा. आमचा वेग भरला होता 120.

"बाबा, ही कसली सुरक्षितता? ही तर वसुली! 2024 साली कॅमेरे बसले, ते तिजोरी भरायला."

मी मान डोलावली. एक तर सणाचा दिवस, आणि सरकारच्या हेतूविषयी शंका घ्यायला कुणाला आवडत नाही? पण रात्री तो प्रश्न मला झोपू देईना. तेवढ्यात कर्जत स्टेशनातून गाडीची शिट्टी आली.

आमच्या उशाशीच बोरघाट. 1863 साली तेथे रेल्वे सुरू झाली. घाट उतरताना गाडीचा ताबा सुटलाच, तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर घेऊन थांबवण्याची सोय रेल्वेने करून ठेवली. त्या रुळाच्या हेतूविषयी आजवर कुणी शंका घेतली नाही. कारण उघड आहे: तो रूळ कुणाकडे पैसे मागत नाही.

पैसा आला की संशय येतो, आणि तो अगदीच वावगा नाही. ब्रिटनमध्ये काही वर्षे कॅमेऱ्यांचा खर्च दंडाच्या रकमेतूनच भागवीत. 2007 साली ती पद्धत बंद झाली. आपल्याकडे 2021 च्या नियमाने कॅमेऱ्याच्या आधी ठळक फलक लावणे आणि 15 दिवसांत कळवणे बंधनकारक केले. मला हा फलक फार बोलका वाटतो. ज्याला वसूल करायचे, तो दबा धरून बसतो. ज्याला आवरायचे, तो आधी हाक मारतो. ज्या कॅमेऱ्याची कमाई वर्षागणिक घटते आणि तरीही लावणाऱ्याला आनंद होतो, तो कॅमेरा खरा.

येथवर मी जावयांच्या बाजूला होतो. पण समजा, तिजोरीचा हेतू खोटाच आहे. म्हणून आमचा वेग कमी होता का? वेग 100 चा 120 झाला, की धडकेची ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते. हे गणित सरकारच्या दानतीवर अवलंबून नाही. वैद्य पैशासाठी औषध देत असला, तरी ताप खराच असतो.

आणि मग मला आठवले, त्या संध्याकाळी "जरा दामटा, अंधाराच्या आत घर गाठू," असे म्हणालो होतो तो मीच. कॅमेऱ्याचा हेतू आम्ही इतक्या हिरीरीने तपासला, तो आमचा हेतू कुणी विचारू नये म्हणून तर नव्हे? सत्तेला प्रश्न विचारावा, जरूर विचारावा. पण त्या प्रश्नाआड आपला अपराध लपवू नये.

सकाळी मी दंडाची अर्धी रक्कम जावयांपुढे ठेवली. ते हसले, घेईनात. निघताना सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "सावकाश जा हो. पोचलात की फोन करा."

या बोलण्यामागच्या हेतूविषयी मात्र आम्हा दोघांपैकी कुणाला काही विचारावेसे वाटले नाही.