काठावरचे ऋण

गेल्या पावसाळ्यात घरातील जुनी कागदपत्रे आवरताना १९९३ सालची एक लहानशी वही हाती लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात मी आणि माझा एक मित्र पाठीवर पिशव्या टाकून रत्नागिरीच्या किनाऱ्याने आठवडाभर भटकलो होतो. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता, एस. टी. आणि पाय हीच आमची वाहने. दोघांचीही शिक्षकाची नोकरी नवी, पगार बेताचा, आणि मनात एक अभिमान भरलेला, की जग पाहायला पैसा लागत नाही. वहीत रोजचा खर्च पैशापैशाने मांडला होता. चौथ्या दिवसाच्या पानाच्या तळाशी मी लिहिले होते, ‘आज १५ रुपये वाचवले’, आणि त्याखाली आनंदाने दोन रेघा ओढल्या होत्या.

त्या दोन रेघांपाशी मी बराच वेळ थांबलो. ते पंधरा रुपये मी वाचवले होते, की कुणाकडून घेतले होते?

त्या चौथ्या दिवसाची आठवण मला आजही स्पष्ट आहे. सकाळी गणपतीपुळ्याहून निघून आम्ही पुळणीवरून चालत होतो. एका गावाच्या समुद्रासमोर (गावाचे नाव मुद्दामच घेत नाही) एक नवे पर्यटक निवासस्थान उभे राहिले होते. सुरूच्या झाडांना दोर बांधून त्यांनी समोरची पुळण आखून घेतली होती, आणि तीत वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही सावलीत बसलो तेव्हा रखवालदार आला. तो उद्धट नव्हता. उलट संकोचलेलाच होता. “साहेब, इथं फक्त आतल्या पाहुण्यांनी बसायचं असतं,” तो म्हणाला. आम्ही उठलो. पुढचे दोन तास मित्र आणि मी एकाच विषयावर तावातावाने बोलत होतो: समुद्रकिनारा कुणाच्या बापाचा आहे काय?

आमचा राग खोटा नव्हता, हे आजही मी म्हणेन. समुद्राचा काठ कुणा एकाचा असू शकत नाही, ही जाणीव माणसाच्या विचारात फार जुनी आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे संकलन झाले. त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळे समुद्राचा काठही निसर्गतःच सर्वांच्या सामाईक गोष्टी मानल्या आहेत. हाच धागा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये उचलला. प्रकरण समुद्राचे नव्हते, हिमाचल प्रदेशातील बियास नदीचे होते. नदीकाठच्या एका मोटेलने आपल्या सोयीसाठी प्रवाहाशीच खेळ केला होता. न्यायालयाने सांगितले, की अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. जानेवारी २००९ मध्ये गोव्यातील दोना पावलाजवळच्या एका पुळणीविषयी निकाल देताना त्याच न्यायालयाने ठरवले, की हॉटेलसाठी सरकारने संपादून दिलेल्या जमिनीतून समुद्राकडे जाणारी लोकांची वाट मोकळीच राहिली पाहिजे.

पण तत्त्व मान्य होणे आणि वाट मोकळी राहणे यांत अंतर आहे. १९९१ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला, आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे बंदी घातली. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणले. जगात इतरत्रही हा झगडा चालूच आहे. कॅरिबियन प्रदेशातील बार्बाडोस बेटावर सर्व पुळणी सार्वजनिक मानल्या जातात. तरीही रस्त्यालगत हॉटेलांची भिंत सलग उभी राहिली, की समुद्र दिसायलाही फट शोधावी लागते. जमैकात वसाहतकाळातील १९५६ च्या कायद्याने काठावरचा हक्क राजसत्तेकडे ठेवला. पुळणीवर सर्वत्र जाण्याचा सरसकट अधिकार सामान्य माणसाला त्यात मिळाला नाही. ज्या समुद्राची चित्रे पाहून दूरदेशीचे लोक तेथे येतात, त्याच समुद्रात पोहायला तेथे जन्मलेल्या मुलाला दार शोधावे लागते.

या साऱ्याच्या मुळाशी असलेला न्याय मला सर्वांत सुंदर रीतीने भेटतो तो जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात. पीक कापताना शेताच्या कडा पूर्ण कापून घेऊ नका, गळालेली कणसे वेचू नका. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा तेथे नियम आहे. शेत धन्याचेच आहे, कष्टही त्याचेच. परंतु कडेपर्यंत कापण्याचा अधिकार त्याला नाही. मालकीला कुठेतरी थांबावे लागते, आणि ती जेथे थांबते तेथे परक्याला पाय ठेवायला जागा मिळते. समुद्रकिनारा म्हणजे तरी काय? ती साऱ्या भूमीचीच कड आहे. आमच्या पूर्वजांनीही जणू हे ओळखून पुळणीच्या माथ्यावर पसरणाऱ्या त्या जांभळ्या फुलांच्या वेलीला ‘मर्यादवेल’ हे नाव दिले. ती वेल वाळू धरून ठेवते आणि सांगते, की इथवर तुमचे, येथून पुढे कुणाचे नाही.

वाचक म्हणतील, मग प्रश्न सुटला. काठ सर्वांचा, दोर बांधणारे चुकले. मीही त्या दुपारपर्यंत असेच समजत होतो.

सायंकाळी आम्ही जवळच्याच एका वाडीत मुक्कामासाठी जागा विचारत फिरलो. पाखाडीच्या वरच्या अंगाला एक कौलारू घर होते. घरात एक वृद्ध बाई आणि त्यांची सून. मुलगा मुंबईला गिरणीत होता. आम्ही त्यांना आजी म्हणू लागलो. पडवीत झोपायची जागा, रात्री भात आणि कुळथाचे पिठले, सकाळी चहा-भाकरी, असे दोघांचे मिळून आजींनी चाळीस रुपये सांगितले. मित्राने माझ्याकडे पाहिले. आम्ही पायी फिरणारी साधी माणसे, शिक्षक, आम्हांला पर्यटकांचा दर लावू नका, असे मी त्यांना समजावले. सकाळच्या रखवालदाराची गोष्टही सांगितली. श्रीमंतांनी किनारा कसा बळकावला यावर चार वाक्ये ऐकवली. आजी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं, पंचवीस द्या.” आणि आत जाताना एवढेच म्हणाल्या, “पोरांनो, पाणी तेवढं जपून वापरा.”

समुद्रात डुंबून अंग खारट झाले होते. न्हाणीतल्या हंड्यातील पाणी आम्ही दोघांनी मिळून संपवले, वर कपडेही धुतले. मग पडवीतील कंदिलाच्या उजेडात मी वही काढली आणि ते वाक्य लिहिले.

पहाटे चारच्या सुमारास जाग आली. सून दोन कळश्या घेऊन पाखाडी उतरत होती. वाडीतली विहीर तळाला गेली होती; खालची विहीर दूर होती, आणि उशीर झाला तर तेथे रांग लागत असे. कोकणाबाहेरच्या वाचकांना याचे नवल वाटेल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून आणि उतारावरून ते पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मे उजाडला की पाण्यासाठी पायपीट सुरू होते. त्या स्त्रीच्या मी त्या पहाटे तीन खेपा मोजल्या. आम्ही अंगावरचे मीठ उतरवायला जे पाणी ओतले होते, तेच ती पुन्हा वर आणत होती. मी उठलो नाही. झोपेचे सोंग घेऊन पडून राहिलो. सकाळी पंचवीस रुपये मोजून दिले, आणि आजींनी निघताना दिलेले दोन मूठ काजूगर घेऊन आम्ही वाट धरली.

वही सापडल्यापासून मी या गोष्टीचा जितका विचार करतो, तितके मला जाणवते, की त्या दिवशी दोन नव्हे, एकच चूक दोन ठिकाणी घडली होती. निवासस्थानातील पाहुण्याला वाटत होते, की मी पैसे मोजले आहेत, तेव्हा माझे कुणाला काही देणे उरले नाही. खुर्ची माझी, सावली माझी, समोरचा समुद्रही माझा. मला वाटत होते, की माझ्याकडे पैसे नाहीत, तेव्हा माझेही कुणाला काही देणे लागत नाही. पडवी माझी, हंडा माझा, आजींचे मौनही माझ्या बाजूचे. पैशाने एकाला निर्दोष केले, पैशाच्या अभावाने दुसऱ्याला. दोघेही पाहुणे होते, आणि पाहुणा ऋणी असतो हे दोघेही विसरले होते. पैसे दिल्याने ते ऋण पूर्ण फिटत नाही, आणि पैसे नाहीत म्हणून ते टळतही नाही.

माझ्या चुकीत एक बारीक लबाडी अधिक होती. किनारा सर्वांचा आहे हे सत्य मी ओढून आजींच्या पडवीपर्यंत आणले होते. पुळण कुणी घडवलेली नाही. म्हणून तिच्यावर मोल लावणे हा अन्याय. पण पिठले कुणीतरी शिजवले होते, अंगण कुणीतरी सारवले होते, पाणी कुणीतरी डोईवर आणले होते. निसर्गाचे दान आणि माणसाचे कष्ट यांतील भेद मी माझ्या सोयीसाठी पुसून टाकला. श्रीमंताने दानावर दोर बांधला. मी कष्टाला दान म्हणवून घेतले.

कुणी विचारील, मग ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने समुद्र पाहूच नये काय? प्रवास ही केवळ धनिकांची मिरास आहे काय? मुळीच नाही. गरीब प्रवाशाचा काठावरचा हक्क मी वर सांगितलाच आहे. परंतु त्याने आपली काटकसर कुणाच्या जिवावर चालली आहे हे तपासले पाहिजे. घासाघीस ही बरोबरीच्या दोघांत शोभते. बाजारात घाऊक व्यापाऱ्याशी केलेली घासाघीस वेगळी, आणि दिवाळी, नाताळ व मे एवढाच ज्यांचा हंगाम, त्यांच्या उंबऱ्यावर केलेली वेगळी. मला तो सौदा मोडून दुसऱ्या दारी जाता येत होते. आजींना दुसरा पाहुणा मिळेलच असे नव्हते. ज्याला निघून जाण्याची मुभा आहे त्याने भाव पाडू नये, असे मला आता वाटते. काटकसर करायचीच तर आपल्या गरजेत करावी: एक दिवस कमी राहावे, एक घास साधा खावा, एक बादली कमी वापरावी. दुसऱ्याच्या मेहनतान्यात केलेली काटकसर ही काटकसर नव्हे.

आणि पैशाशिवाय देता येण्याजोगेही पुष्कळ असते. आपल्या किनाऱ्यावर रापणीचा जुना रिवाज आहे. होडी अर्धवर्तुळात जाळे सोडून येते, आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरून पन्नास-साठ माणसे ओढतात. जाळे बाहेर आले की मासळीचे वाटे पडतात. ज्याने दोराला हात लावला त्याच्या पदरात चार मासे पडतात, मग तो रापणीच्या संघातला नसला तरी. तेथे कुणी पावती मागत नाही आणि कुणी फुकटही खात नाही. प्रवाशाने काठावर कसे राहावे याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. त्या पहाटे मला दोन कळश्या उचलता आल्या असत्या. त्यासाठी एक पैसाही लागला नसता.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा त्या बाजूला गेलो. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने आता रत्नागिरीहून गणपतीपुळे पाऊण तासावर आले आहे, आणि वाटेत नव्या निवासांच्या पाट्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. काही ठिकाणी दोरांच्या जागी भिंती आल्या आहेत. ते घर मात्र मी ओळखले. कौले जाऊन वर स्लॅब पडला होता, दाराशी ‘निवास व न्याहारी’ची पाटी होती. आजी केव्हाच गेल्या होत्या. सूनबाई आता स्वतःच आजीच्या वयाच्या. त्यांना मी आठवत नव्हतो, आठवण्याचे कारणही नव्हते. मी एक रात्र राहिलो. त्यांनी सांगितलेला दर दिला आणि पाकिटात वर काही रक्कम ठेवून म्हणालो, “हे मागचं राहिलेलं आहे.” त्यांनी नोटा मोजल्या, दराएवढ्या ठेवून घेतल्या आणि उरलेल्या माझ्या हातात परत दिल्या. “मागचं आम्ही लिहून ठेवत नाही, मास्तर,” त्या म्हणाल्या. “नळाला आज पाणी नाही. टँकर येईल तेव्हा एक हंडा आत आणून द्या, म्हणजे झालं.”

टँकर अकराच्या सुमारास आला. वयाच्या मानाने हंडा जड होता. मी दोन खेपा केल्या. तिसरी त्यांनी करू दिली नाही.