वैऱ्याचे मरण आणि आपला आनंद

दुष्टाचा नाश झाला की सज्जनांना समाधान वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु हे समाधान कोठे संपते आणि उन्माद कोठे सुरू होतो, हे श्रद्धावंताने स्वतःला विचारावयास हवे.

२ मे २०११ रोजी पाकिस्तानातील अबोटाबाद येथे अमेरिकन सैनिकांनी ओसामा बिन लादेनला ठार केले. ११ सप्टेंबर २००१ च्या ज्या हल्ल्यांत सुमारे ३,००० माणसे प्राणांस मुकली, त्यांचा हा सूत्रधार. वार्ता पसरताच वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोर गर्दी लोटली. झेंडे फडकले, घोषणा दुमदुमल्या. त्याच दिवशी व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर फेदेरिको लोंबार्दी यांनी एक छोटेसे निवेदन काढले. बिन लादेनच्या अपराधांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. मात्र कोणाही माणसाच्या मरणाने ख्रिस्ती मनुष्य हर्षभरित होत नाही, असे त्यांनी बजावले.

दीड वर्षाने हाच प्रश्न आपल्या दारी आला. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला होता. जिवंत सापडलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी दिली गेली, आणि ठिकठिकाणी फटाके वाजले, मिठाई वाटली गेली.

ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण फटाके वाजवणाऱ्यांत, ज्यांचे काहीच गेलेले नव्हते असेही पुष्कळ होते. प्रश्न आहे तो त्यांना, म्हणजेच आपणा सर्वांना.

यावर कोणी म्हणेल, मिसरी सैन्य समुद्रात बुडाले तेव्हा मिर्यामनेही डफ वाजवून गाणे गायिले ना? खरे आहे. गुलामगिरीतून सुटलेल्यांचा तो आनंद होता. तरीही यहुदी परंपरेला तो सलत राहिला. ताल्मुदातील एका कथेत देवदूत त्या वेळी स्तोत्र गाऊ पाहतात, तेव्हा आपली लेकरे बुडत असता गाणे कसले, म्हणून परमेश्वर त्यांना थांबवतो. आजही वल्हांडणाच्या भोजनात मिसरावरील दहा पीडांची नावे घेताना यहुदी कुटुंबे पेल्यातील द्राक्षारसाचे थेंब बाहेर काढतात. शत्रूच्या यातनांनी आपल्या आनंदाचा पेला तेवढा उणा झाला, असा त्याचा एक अर्थ सांगतात. आपल्या जिवावर उठलेला शौल पडल्याचे ऐकून दावीदाने वस्त्रे फाडली. वैर मरणाबरोबर संपले असे सांगून बिभीषणाला रावणाचा अंत्यसंस्कार करावयास लावणारा राम तर आपल्या मराठी घराघरांत ठाऊक आहे.

संकट टळले म्हणून देवाचे आभार मानणे वेगळे आणि प्रेतापाशी नाचणे वेगळे. पहिल्यात दृष्टी वाचलेल्यांकडे असते, दुसऱ्यात ती मेलेल्यावर खिळते. परक्याच्या मरणात आनंद मानावयास शिकल्यावाचून त्या हल्लेखोरांच्या हातून एवढा संहार घडलाच नसता. तोच धडा आपण आपल्या मुलांसमोर गिरवावा काय?

ख्रिस्तसभेने असंख्य संत घोषित केले. परंतु अमुक मनुष्य नरकात गेला, असे नाव घेऊन तिने कधीही जाहीर केलेले नाही, यहूदा इस्कार्योतचेही नाही. क्रूसावरच्या चोराला अखेरच्या घटकेला क्षमा लाभली, हे ती विसरत नाही. मरणाबरोबर पश्चात्तापाचा अवधी संपतो. म्हणून अपराध्याचे मरण, मग ते न्यायालयाच्या आज्ञेने का असेना, आपल्या दृष्टीने सण होऊ शकत नाही. माणूस परत फिरण्याची एक वाट तेथे बंद झालेली असते.

कसाबला फाशी झाली तो नोव्हेंबर, म्हणजे मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आपला महिना. त्या प्रार्थनेत १६६ जणांचे स्मरण आधी व्हावे, हेच उचित. पण ज्यांच्यासाठी कोणीच प्रार्थना करीत नाही त्या आत्म्यांसाठी आपण जपमाळेच्या शेवटी विनवणी करतो, तेव्हा मनातल्या मनात कोणाला वगळतो, हेही एकदा तपासून पाहावे.